जुना संच, नवे खेळयंत्र
(एका ग्रंथालयात वाचकांपुढे केलेले भाषण)



विज्ञानविषयक पुस्तकांचे भाषांतर करणाऱ्याला त्या पुस्तकांतील यंत्रेही हाताळता येत असली पाहिजेत, असा एक समज आढळतो. त्याच समजापोटी माझ्या भाच्याने मला एक कोडे घातले. ते सोडविताना जे ध्यानात आले तेच आज आपल्यापुढे मांडीत आहे.

त्याच्याकडे प्लेस्टेशन ४ हे व्हिडिओ गेमचे यंत्र आले होते. घरात दूरचित्रवाणी संच होता तो त्याच्या आजोबांनी घेतलेला, जाड काचेच्या चित्रनलिकेचा. पाठीमागे अँटेना खोचण्याचे एकच भोक. नवा संच घेणे त्या घराला तूर्त परवडण्यासारखे नव्हते. मुलाने बाजारातून एक केबल आणली. तिच्या एका टोकाला एचडीएमआयचा चपटा प्लग, तर दुसऱ्या टोकाला पिवळा, पांढरा व तांबडा असे तीन प्लग. हे तीन प्लग बसतील अशी जागा घरच्या संचाला नव्हतीच. शेजाऱ्यांच्या संचाला होती, म्हणून तेथे जोडून पाहिले. पडदा काळाच राहिला. केबल बिघडलेली असावी म्हणून त्याने दुसरी आणली. तिचीही तीच गत.

बिघाड कोठेच नव्हता. जुन्या संचाला चित्र समजते ते विजेच्या दाबाच्या चढउतारांतून : दाब वाढला की पडद्यावरील ठिपका उजळतो, उतरला की काळवंडतो. २००२ साली प्रथम निश्चित झालेल्या एचडीएमआय पद्धतीत मात्र चित्र आकड्यांच्या रूपाने धावते. शून्य आणि एक यांची ती रांग जुन्या संचाच्या लेखी निव्वळ गोंगाट होय. मराठी न जाणणाऱ्या माणसाशी टेलिफोनवर मराठीत बोलावे आणि त्याला समजेना म्हणून तार बदलावी, तसाच हा प्रकार. येथे गरज दुभाष्याची असते, आणि त्या स्वस्त केबलच्या पोटात असा दुभाषी नसतो. २००६ साली आलेले प्लेस्टेशन ३ दोन्ही भाषा बोलत असे. २०१३ च्या प्लेस्टेशन ४ ने जुनी भाषा सोडून दिली.

हा दुभाषी म्हणजे काडेपेटीहून थोडी मोठी अशी एक पेटी. तिला ५ व्होल्टची वीज निराळी द्यावी लागते. घेताना ती एचडीएमआयकडून जुन्या पद्धतीकडे नेणारी आहे ना, हे पाहून घ्यावे. उलट दिशेची पेटी दिसायला हुबेहूब तशीच असते आणि येथे अगदी निरुपयोगी ठरते. पेटीवर बहुधा एक बटण असते, ते ‘पाल’ या बाजूस सरकवावे. भारतात चित्राच्या ६२५ रेषा आणि सेकंदाला ५० अर्धचित्रे ही पद्धत रूढ झाली. अमेरिका व जपान यांची पद्धत ५२५ रेषांची.

अँटेनाचे एकच भोक असेल तर पुढे आणखी एक पेटी, मॉड्युलेटर, जोडावी लागते. ती चित्राला पुन्हा प्रक्षेपणाचे रूप देते. तिचा ध्वनी आपल्या देशातील संचांप्रमाणे ५.५ मेगाहर्ट्‌झवर हवा. चीनमधील पद्धतीचा ६.५ असला, तर चित्र दिसेल आणि संच मुका राहील.

आता ज्यासाठी मी हे भाषण करावयाचे कबूल केले ती गोष्ट. एका कारागिराने भाच्याला सुचविले, की दुसरी पेटी कशाला, संच उघडून आतूनच तीन भोके काढून देतो. मी ते होऊ दिले नाही. अनेक जुन्या संचांत आतला धातूचा सांगाडा घरातील विजेशी सरळ जोडलेला असे. अँटेनाचे भोक तेवढे कपॅसिटर घालून अलग ठेवलेले असते. अशा संचातून बाहेर काढलेल्या भोकाला यंत्राची केबल लागली, की ती वीज यंत्रापर्यंत आणि तेथून खेळणाऱ्या मुलाच्या हातापर्यंत पोचू शकते. शिवाय चित्रनलिकेतील दाब रंगीत संचात वीस-पंचवीस हजार व्होल्टपर्यंत जातो, आणि संच बंद केल्यावरही तो काही काळ टिकून राहतो. दोनशे-चारशे रुपयांच्या पेटीची बचत म्हणून हा व्यवहार फार महाग आहे.

असो. दोन्ही पेट्या आल्या आणि चित्र उमटले. पण भाषांतरात जे गळते ते येथेही गळाले. नव्या पूर्ण चित्रात १९२० गुणिले १०८०, म्हणजे वीस लाखांहून अधिक ठिपके असतात. जुन्या संचाच्या वाट्याला फार तर चार लाख येतात. रुंद चित्र चौकोनी पडद्यात कोंबले गेल्याने माणसे उंच व हडकुळी दिसतात. चेहरे, मोटारी, मैदाने ओळखता येतात. बळी जातो तो अक्षरांचा. २००६ साली कॅपकॉम कंपनीच्या ‘डेड रायझिंग’ या खेळातील सूचना जुन्या संचांवर वाचताच येत नाहीत, अशी तक्रार परदेशातही झाली होती. खेळ रचणाऱ्यांनी नवाच पडदा डोळ्यांसमोर ठेवला होता.

भाचा आता त्या पडद्यावर मोटारींच्या शर्यती व फुटबॉल खेळतो. ज्या खेळांत संभाषणे वाचावी लागतात, त्यांसाठी रविवारी यंत्र पिशवीत घालून मित्राकडे जातो.