सही करण्यापूर्वी

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी काही वक्ती नव्हे. सातवी झाल्यावर शाळा सुटली ती सुटलीच. तरीही आज अध्यक्षीणबाईंनी मला बोलायला उभे केले, कारण ज्या गोष्टीविषयी बोलायचे ती माझ्याच हातून घडलेली आहे. नवीन उपक्रम हाती घेताना करारात काय असावे, हा आजचा विषय. वर्धापनदिनी मंगळागौरीचे खेळ सोडून हे कोर्टकचेरीचे बोलणे कशाला, असे काहींना वाटेल. पण पुढच्या महिन्यात आपल्याला एका कागदावर सही करायची की नाही हे ठरवायचे आहे. म्हणून आजच बोलते.

जुन्या भगिनींना आठवत असेल. २०१४ च्या जूनमध्ये गावातल्या एका शिक्षणसंस्थेने आपल्याला वसतिगृहातील मुलांच्या दुपारच्या जेवणाचे काम दिले. मुले ११०, ताटामागे २२ रुपये. आपल्याला केवढा आनंद झाला! सहा जणींना घरबसल्या काम मिळाले. मी तेव्हा खजिनदार होते. कागद एकच पानाचा होता. त्यातले शेवटचे वाक्य असे होते, की संस्था वेळोवेळी सुचवील ते योग्य उपक्रम मंडळ राबवील. वाक्य वाचून मला बरेच वाटले. म्हणजे पुढेही काम मिळत राहणार, असा मी त्याचा अर्थ केला आणि सही केली.

ऑगस्टपासून दर बुधवारी मोड आलेल्या कडधान्याची उसळ करा असे सांगणे आले. मुलांच्या अंगी लागेल, म्हणून आपण आनंदाने केली. ताटामागे दोन रुपये जास्त पडत होते. ऑक्टोबरपासून दहावीच्या ४० मुलांना संध्याकाळचे खाणे सुरू झाले. डिसेंबरपासून दर शनिवारी सर्वांना पौष्टिक लाडू. प्रत्येक वेळी निरोप यायचा तो शिपायाबरोबर, तोंडी आणि आदल्या दिवशी. पैशांचे विचारले की उत्तर एकच, वर्षअखेर हिशोब करू.

वर्षअखेर मी वही घेऊन गेले. २८ बुधवारच्या उसळीचे ६,१६० रुपये, ६० दिवसांच्या खाण्याचे १६,८०० आणि १२ शनिवारच्या लाडवांचे ७,९२०, एकूण ३०,८८० रुपये येणे होते. त्यांनी माझ्यापुढे तोच कागद ठेवला आणि शेवटच्या वाक्यावर बोट ठेवले. उपक्रम राबवायचे तुम्ही कबूल केले होते, त्यात वेगळ्या पैशांचा उल्लेख कुठे आहे, असे विचारले. मी निरुत्तर झाले. खाली सही माझीच होती.

ते पैसे मंडळाच्या निधीतून गेले. शिलाईयंत्रांसाठी आपण पै पै करून साठवलेला तो निधी. यंत्रे तीन वर्षे उशिरा आली. स्वयंपाक करणाऱ्यांपैकी एका बहिणीचे घर त्या मजुरीवरच चालत होते. तिला दोन महिने पैसे देता आले नाहीत. ती मला एका शब्दानेही बोलली नाही. ती बोलली असती तर मला बरे वाटले असते.

पुढे चार वर्षांनी, २०१९ मध्ये, कोणीतरी सांगितले की तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, तिथे बायकांना फुकट सल्ला मिळतो. मला खरे वाटेना. पण ते खरे आहे. विधी सेवा प्राधिकरणाचा कायदा १९८७ चा आहे. त्याच्या १२ व्या कलमाप्रमाणे स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असले तरी, मोफत वकील मिळतो. दूरध्वनीवर १५१०० या क्रमांकावरही विचारता येते. हे आपल्यापैकी प्रत्येकीने लिहून ठेवावे. घरच्या अडचणीतही उपयोगी पडेल.

तिथल्या वकीलबाईंनी मला समोर बसवून १८७२ च्या करार कायद्यातली चार कलमे मराठीत समजावली. मला जशी समजली तशी सांगते.

कलम १० म्हणते, करार खुशीने झालेला हवा आणि त्यात देणे-घेणे दोन्ही बाजूंनी हवे. कलम २९ म्हणते, ज्याचा अर्थ नक्की नाही आणि नक्की करताही येत नाही, तो करार कायद्यापुढे टिकत नाही. ‘वेळोवेळी’ आणि ‘योग्य’ म्हणजे केव्हा आणि किती, हे आपल्या कागदातून कोणालाच सांगता आले नसते. कलम ६२ प्रमाणे दोघांच्या संमतीने करार बदलता येतो. म्हणजे एकट्याच्या मर्जीने नाही. आणि कलम ७० सांगते, की जे काम आपण फुकट म्हणून केले नाही आणि समोरच्याने त्याचा लाभ घेतला, त्याची भरपाई मागता येते.

हे ऐकून माझ्या जिवात जीव आला. पण वकीलबाईंनी विचारले, एखादे पत्र आहे का? पोच आहे का? काही नव्हते. शिवाय केलेल्या कामाचे पैसे मागायला कोर्टात जायची मुदत तीन वर्षांची. ती उलटून गेली होती. तोंडी करारही कायद्याने करारच असतो, पण तो शाबीत करताना तोंड उपयोगी पडत नाही. त्या दिवशी एस.टी.त बसून मी घरी आले ती मनाशी एक निश्चय करून.

भगिनींनो, खरे पाहता हे शहाणपण आपल्या घरातच आहे. लग्न ठरले की आपण याद्या करतो. मानपान कोणाचा, जेवणावळ कोणाची, दागिना कोणता, सगळे चार माणसांत कागदावर येते. व्याह्यांवर विश्वास नाही म्हणून कोणी याद्या करीत नाही. पुढे मने कलुषित होऊ नयेत म्हणून करतात. दिवाळीत चकलीचे पीठ भिजवले की आपण सगळा घाणा एकदम घालतो का? एक चकली तळून पाहतो. तेलात विरघळली तर मोहन जास्त झाले, कडक झाली तर कमी पडले. घरी जे करतो ते मंडळाच्या कामात करायला आपण का लाजतो?

म्हणून त्यानंतर आपण काही अटी ठरवल्या. नवीन उपक्रमाचा कागद आला की त्यात त्या शोधायच्या. नसतील तर घालून मागायच्या.

पहिली अट, नवीन उपक्रम कोणीही सुचवावा, पण लेखी सुचवावा. काय करायचे, कोणासाठी, किती जणांसाठी आणि केव्हापासून, हे त्यात हवे. विचाराला निदान तीस दिवस हवेत.

दुसरी अट, आखणी दोघांनी मिळून करायची, आणि जिला प्रत्यक्ष काम करायचे आहे ती त्या बैठकीत हवीच. लाडवांचा बेत ज्यांनी केला त्यांच्यात एकाने तरी ११० लाडू वळले असते, तर शुक्रवारी संध्याकाळी निरोप आला नसता.

तिसरी अट, उभारणीचा खर्च कोणाचा ते आधी लिहायचे. भांडी, शेगडी, शिकवणी, पहिले फसलेले घाणे, आणि आखणीसाठी आपण घालवलेला वेळ. बाईचा वेळ फुकटचा, हे आपणच म्हणायचे सोडले पाहिजे.

चौथी अट, आधी तीन महिने प्रयोग. प्रयोग कसा पारखायचा, तेही आधी ठरवायचे. तीन महिन्यांनी दोन्ही बाजूंनी बसून चालू ठेवायचा, बदलायचा की थांबवायचा ते लिहायचे.

पाचवी अट, नव्या उपक्रमामुळे जुने काम करणारीचे काम जाता कामा नये. नव्या कामावर पहिला हक्क तिचा.

सहावी अट, दोघांच्या सहीवाचून बदल नाही. आणि बाहेर पडायचे झाले तर एक महिन्याची सूचना दोघांनाही सारखीच.

शेवटी, सही एकटीने करायची नाही. आधी कार्यकारिणीचा ठराव, मग सही. ही अट समोरच्यासाठी नाही, ती माझ्यासारख्या उतावळीसाठी आहे.

एका ओळीने काय होते याची मोठी उदाहरणेही आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली सांगितले, की अंगणवाडीच्या आहारासाठी ठेकेदार नकोत, ते काम शक्यतो गावसमाज, बचतगट आणि महिला मंडळे यांच्याकडून करून घ्यावे. पण पुढे आपल्याच राज्यात २०१६ च्या निविदेत अशा अटी आल्या की लहान गटांना आत पाऊलच टाकता येऊ नये. बचतगटांच्या बायका थेट दिल्लीपर्यंत गेल्या, आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती निविदा रद्द ठरवली. कोणी करायचे आणि कोणी बाहेर राहायचे, हे अटींतच ठरत असते. त्या बायकांनी अटी वाचल्या होत्या. मी वाचल्या नव्हत्या.

आता पुढच्या महिन्याचे. जवळच्या एका कारखान्याला पाळणाघर हवे आहे. २०१७ साली मातृत्व लाभाच्या कायद्यात दुरुस्ती झाली. जिथे ५० किंवा अधिक माणसे कामाला आहेत तिथे पाळणाघराची सोय हवी आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाऊ दिले पाहिजे. कायदा चांगला आहे आणि काम आपल्या हातचे आहे. आठ-दहा जणींना रोजगार मिळेल. मला स्वतःला हे काम मिळावे असे मनापासून वाटते.

पण त्यांचा मसुदा मी तीन वेळा वाचला आहे. नवव्या कलमात म्हटले आहे, की व्यवस्थापन वेळोवेळी सांगेल त्या अतिरिक्त सेवा मंडळ पुरवील. भगिनींनो, दहा वर्षांनी तेच वाक्य पुन्हा माझ्यासमोर आले. ही माणसे वाईट आहेत असे मी म्हणत नाही. त्यांनी छापील नमुना उचलला असेल. पण इथे उसळ-लाडवांचा प्रश्न नाही, तान्ह्या लेकरांचा आहे. उद्या निरोप आला, की आजपासून रात्रपाळीतली मुलेही सांभाळा, तर सांभाळणारी किती आणि मुले किती? हे आधी लिहिले नाही तर झळ पोचेल ती लेकरांना.

काही जणी म्हणतात, फार अटी घातल्या तर काम हातचे जाईल. जाईलही. ही भीती मलाही आहे, आणि ज्यांना कामाची निकड आहे त्यांच्यापुढे हे बोलताना माझी जीभ अडखळते. पण या अटी लावून आपण दोन लहान कामे केली. दोन्ही ठिकाणी पहिल्यांदा कपाळाला आठ्या पडल्या आणि नंतर हिशोब वेळेवर मिळाला. जो लिहायलाच तयार नाही, तो पुढे द्यायला तयार होईल हे कशावरून?

तेव्हा माझी एवढीच विनंती. पुढच्या बैठकीला सर्वांनी या. मसुद्याच्या प्रती मंडळाच्या कपाटात ठेवल्या आहेत, त्या घरी नेऊन वाचा. जिला वाचता येत नाही तिने लेकीकडून, सुनेकडून वाचून घ्या. नववे कलम बदलून आले तर मी आनंदाने हात वर करीन. तसेच आले तर हात खालीच ठेवीन. आणि तुम्ही माझे ऐकून नव्हे, स्वतः वाचून ठरवा.