एका डेम्लो संख्येची कहाणी

(शताब्दी महोत्सवानिमित्त हरणी, बडोदे येथे दिलेले व्याख्यान)



साहित्याच्या या मंदिरात गणितावर बोलण्याचे धाडस करीत आहे, त्याबद्दल प्रारंभीच आपली क्षमा मागतो. आज मी आपल्यापुढे एकच संख्या ठेवणार आहे : १२३४५६७८९८७६५४३२१.

‘लीलावती’तील स्थानांप्रमाणे मोजत गेल्यास हिचा पहिला अंक सतराव्या, म्हणजे ‘मध्य’ या स्थानी येतो. परार्ध तेथून एकच घर पुढे. डावीकडून वाचा वा उजवीकडून, ती तीच. ती नऊ एकांच्या संख्येचा, १११११११११ चा, वर्ग आहे.

अशा संख्यांना ‘डेम्लो’ हे नाव दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी दिले. १९०५ साली डहाणूस जन्मलेले आणि फर्ग्युसन महाविद्यालयात शिकलेले हे गृहस्थ १९३० ते १९६२ पर्यंत देवळालीस शाळाशिक्षक होते. डेम्लो हे डोंबिवली स्थानकाचे जुने नाव; तेथेच त्यांना या संख्यांची कल्पना सुचली.

स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्येस कापरेकरांनी ‘हर्षद’, म्हणजे आनंद देणारी, म्हटले. आपल्या संख्येच्या अंकांची बेरीज ८१. भागून पाहा : बाकी उरत नाही आणि भागाकार येतो १२३४५६७९ चा वर्ग. या लहान संख्येत आठाचा अंक मात्र नाही!

हे घडते कसे? १११ ला १११ ने पाटीवर गुणा. एकांच्या तीन ओळी एकेक घर सरकत जातात. उभ्या रकान्यांत अनुक्रमे १, २, ३, २, १ एवढे एक जमतात. नऊ एक घेतले की मधल्या रकान्यात नऊ जमतात. माझ्या नातीने विचारले, “आजोबा, दहा घेतले तर?” आम्ही कागदावर गुणाकार मांडला. मधल्या रकान्यात दहा जमले, हातचा आला आणि उत्तर निघाले १२३४५६७९००९८७६५४३२१. क्रम मोडला. ती हिरमुसली, मला मात्र वाटले, खरे गणित येथेच सुरू झाले. क्रम दिसणे हा आनंद. तो कोठवर टिकतो आणि का, हे कळणे हे ज्ञान.

कापरेकरांपाशी पदव्युत्तर पदवी नव्हती. त्यांचे काम क्षुल्लक मानणारेही पुष्कळ होते. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा जगाचे लक्ष त्यांच्याकडे गेले. १९८६ साली ते निवर्तले.

श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १९१० पासून या संस्थानात मोफत सार्वजनिक ग्रंथालयांची जी व्यवस्था उभारली, तिचे मर्म हेच होते : वाचकाची पदवी न विचारता त्याच्या हाती पुस्तक द्यावे. या वास्तूत कोणी मूल पाटीवर अंक मांडत बसले, तर त्यास क्षुल्लक म्हणू नये, एवढीच शताब्दीच्या या मंगल प्रसंगी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.