आधी मोजा, मग ओता

एका कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबची देखभाल करणं हे माझं काम. आमच्या लॅबमध्ये चाळीस कॉम्प्युटर आहेत. जूनमध्ये सत्र सुरू होतं तेव्हा ते चाळीसही नव्या गणवेशातल्या मुलांसारखे दिसतात, एकसारखे आणि नीटनेटके. दिवाळी येईपर्यंत एकात पेन ड्राइव्हमधून व्हायरस शिरलेला असतो, दुसऱ्यावर कुणीतरी गेम टाकलेला असतो, तिसऱ्याचा मराठी फाँट गायब असतो आणि चौथा का चालत नाही हे त्याचं त्यालाच ठाऊक. नेमकं तेव्हाच प्रॅक्टिकलच्या परीक्षेचं वेळापत्रक लागतं.

पूर्वी यावर एकच उपाय होता. सीडी घ्यायची आणि एकेका मशीनसमोर बसायचं. आधी विंडोज, मग ड्रायव्हर, मग अँटिव्हायरस, मग अभ्यासक्रमाची सॉफ्टवेअर. एका मशीनला अडीच-तीन तास लागत. आम्ही दोघं दिवाळीची सुट्टी त्यातच घालवायचो. आज तेच काम एका संध्याकाळी होतं. ते कसं होतं, कुठे अडतं आणि त्यात धोका काय आहे, हे आज तुम्हाला सांगायचं आहे.

कल्पना तशी आपल्या ओळखीची आहे. पेणच्या कारखान्यांत गणपतीची एक मूर्ती मन लावून घडवतात, तिचा साचा करतात आणि त्या साच्यातून मग शेकडो मूर्ती निघतात. आम्हीही एकच कॉम्प्युटर सगळ्या सॉफ्टवेअरसह नीट तयार करतो. त्याच्या हार्ड डिस्कची जशीच्या तशी प्रत काढून सर्व्हरवर ठेवतो. या प्रतीला ‘इमेज’ म्हणतात. इथे इमेज म्हणजे चित्र नव्हे, तर साचा. मग नेटवर्कच्या वायरीतून तो साचा चाळीस मशीनवर ओतायचा.

हे तंत्र तसं जुनं आहे. १९९५च्या सुमारास न्यूझीलंडमधल्या ऑकलंड शहरात मरे हॅझर्ड यांनी ‘घोस्ट’ नावाचा प्रोग्राम लिहिला. १९९८ साली सिमँटेक कंपनीनं तो विकत घेतला आणि जगभरच्या लॅबमध्ये ‘घोस्ट मारणं’ हा शब्दच रूढ झाला. पुढे मोफत आणि सर्वांना खुली असलेली साधनं आली. तैवानमध्ये तयार झालेलं ‘क्लोनझिला’ त्यातलंच एक. २००७ साली सुरू झालेलं ‘फॉग’ हे दुसरं. आम्ही फॉग वापरतो. फॉग म्हणजे धुकं. सुरुवातीचे काही महिने आम्हालाही सगळं धुक्यातच दिसत होतं.

आता तुम्ही विचाराल, ज्या कॉम्प्युटरची डिस्क कोरी आहे, तो सर्व्हरशी बोलणार कसा? त्याची सोय मशीनमध्येच केलेली असते. तिला ‘पीएक्सई’ म्हणतात. तिचे नियम इंटेल कंपनीनं प्रसिद्ध केले. त्यानुसार कोरा कॉम्प्युटर परगावाहून आलेल्या पाहुण्यासारखा वागतो. एसटी स्टँडवर उतरतो आणि मोठ्यानं विचारतो, ‘मला कुणी राहायला जागा देईल का?’ नेटवर्कवर पत्ते वाटणारी एक सेवा असते, डीएचसीपी. ती सांगते, ‘हा तुझा पत्ता. अमुक सर्व्हरकडे जा आणि तमुक नावाची फाइल माग.’ मग ती छोटी फाइल येते आणि ती सर्व्हरला विचारते, ‘माझ्यासाठी काही काम आहे का?’ काम असेल तर एक छोटी लिनक्स येते आणि डिस्क भरायला सुरुवात होते. नसेल तर मशीन नेहमीसारखं विंडोजमध्ये जातं.

ही साखळी एकदा डोक्यात बसली की निम्मं काम झालं. मशीन अडलं तर ते नेमकं कोणत्या कडीपाशी अडलं, एवढंच बघायचं. पडद्यावर ते स्वतःच सांगतं. ‘ई ६१’ असा आकडा आला तर वायर बघा, ती निघालेली तरी असेल किंवा उंदरानं कुरतडलेली तरी. ‘ई ५१’ आला तर वायर ठीक आहे, पण पत्ता द्यायला कुणी पुढे आलं नाही. ‘ई ५३’ म्हणजे पत्ता मिळाला, पण कोणती फाइल मागायची ते कुणी सांगितलं नाही. आणि ‘ई ३२’ म्हणजे फाइलचं नावही कळलं, पण ती काही हाती येईना. अशा वेळी सर्व्हरवरची फाइल देणारी सेवा बंद तरी असते, नाहीतर फायरवॉलनं तिची वाट अडवलेली असते. हे आकडे ठाऊक नव्हते तेव्हा आम्ही प्रत्येक वेळी सगळंच उचकटून बसायचो.

एका वर्षीची गोष्ट सांगतो. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला प्रॅक्टिकल होतं. संध्याकाळी पाचला सगळी मशीन सुरू केली. बावीस मशीनवर काम सुरू झालं आणि अठरांवर आला ‘ई ५३’. ती अठरा पुन्हा सुरू केली, तर त्यातली काही चालली आणि चाललेल्यांपैकी एक, सहज परत सुरू केलं ते, अडलं. सर्व्हर बिघडला असता तर सगळीच अडली असती. म्हणजे दोष सर्व्हरचा नव्हता. एक मशीन विंडोजमध्ये नेऊन त्याचा पत्ता पाहिला. आमचे पत्ते दहाच्या आकड्यानं सुरू होतात, याचा एकशे ब्याण्णवनं सुरू झालेला. दारात चहा घेऊन उभे असलेले शिपाई मामा म्हणाले, “सर, वरच्या स्टाफरूममध्ये काल वाय-फायचा नवा डबा बसवलाय. त्याचं तर काही नाही ना?”

त्याचंच होतं. तो घरगुती राउटर स्वतःच पत्ते वाटत होता. आमची सेवा आणि तो डबा यांच्यात जो आधी उत्तर देईल त्याचं मशीन ऐकत होतं. डबा पत्ता द्यायचा, पण फाइलचं नाव त्याला कुठून ठाऊक असणार? मामांनी वर जाऊन वायर काढली आणि दहा मिनिटांत चाळीसही मशीन कामाला लागली. तेव्हापासून अडचण आली की माझा पहिला प्रश्न असतो, ‘काल आणि आज यात काय बदललं?’ आणि तो मी मामांनाही विचारतो.

दुसरी तक्रार असते वेगाची. समजा, इमेज वीस जीबीची आहे. चाळीस मशीनना वेगवेगळी पाठवायची तर सर्व्हरला आठशे जीबी पाठवावे लागतात. गिगाबिट नेटवर्क कागदावरच्या पूर्ण वेगानं धावलं तरी पावणेदोन तासांच्या वर लागतात, प्रत्यक्षात त्याहून जास्त. यावर उपाय म्हणजे मल्टिकास्ट. शिक्षक वर्गात शुद्धलेखन सांगतात तसं. सर्व्हर एकदाच बोलतो आणि चाळीस जण एकदम लिहून घेतात. पण शुद्धलेखनाची अडचण इथेही येते. सावकाश लिहिणाऱ्या मुलासाठी सगळ्या वर्गाला थांबावं लागतं. एकदा आमचा सारा वर्ग असाच रखडला. एका मशीनच्या वायरीतली तार सैल होती आणि ते गिगाबिटऐवजी शंभर मेगाबिटवर चालत होतं. त्याला बाहेर काढलं आणि बाकीचे एकोणचाळीस भराभर पूर्ण झाले.

सर्व्हरचीही काळजी घ्यावी लागते. त्याची डिस्क भरली की नवी इमेज अर्ध्यावर थांबते. एकदा मात्र जागा भरपूर असूनही नवी इमेज दिसेना. फॉगमध्ये नवी इमेज आधी एका तात्पुरत्या खोलीत उतरते आणि मग तिच्या मुक्कामी हलवली जाते. हलवणाऱ्या खात्याचा पासवर्ड मी आदल्या आठवड्यात सुरक्षिततेसाठी म्हणून बदलला होता. पण तो एकाच ठिकाणी बदलला. सर्व्हरच्या नोंदीत जुनाच राहिला. इमेज बिचारी बाहेरच्या खोलीत ताटकळत बसलेली.

हे सगळे बिघाड म्हणजे वेळेचं नुकसान. आता ज्यासाठी मी मुद्दाम बोलतोय, ती गोष्ट सांगतो.

साचा ओतायचा म्हणजे त्या डिस्कवर आधी जे होतं ते पुसलं जातं. विचारत नाही, थांबत नाही. सर्व्हर प्रत्येक मशीनला त्याच्या नेटवर्क कार्डवरच्या बारा अक्षरी क्रमांकानं ओळखतो. ते मशीन कुठल्या खोलीत आहे, त्यावर कोण बसतं, हे त्याला काही कळत नाही. पहिल्याच वर्षी आमच्या ऑफिसमधलं एक मशीन बंद पडलं. घाई होती म्हणून मी लॅबमधलं सतरा नंबरचं मशीन उचलून तिकडे दिलं. लॅबसाठी नवं आलं, त्याची नोंद केली. जुन्या सतराची नोंद काढायची राहून गेली. दीड-दोन वर्षांनी एका शनिवारी मी ‘सगळी लॅब’ असा हुकूम सर्व्हरला दिला आणि चाळीसही मशीन भरून समाधानानं घरी गेलो.

सोमवारी सकाळी ऑफिसच्या मॅडमनी त्यांचं मशीन सुरू केलं. तासाभरानं त्या लॅबच्या दारात आल्या. म्हणाल्या, “सर, माझ्या मशीनवर तुमच्या लॅबचं चित्र आलंय. माझ्या स्कॉलरशिपच्या याद्या कुठे गेल्या?”

मला काही बोलता येईना. त्या मशीननं सकाळी जागं होताना सर्व्हरला विचारलं होतं, ‘काम आहे का?’ आणि सर्व्हरकडे जुन्या सतरासाठी हुकूम शिल्लक होता. त्या याद्यांची दुसरी प्रत नव्हती. कागदावरचे अर्ज होते, म्हणून निभावलं. आठ दिवस रोज कॉलेज सुटल्यावर मॅडम अर्ज वाचायच्या आणि मी टाइप करायचो. त्या एका शब्दानंही रागावल्या नाहीत. त्याचंच जास्त वाईट वाटलं.

सर्व्हरनं काहीच चूक केली नव्हती. त्यानं माझी यादी तंतोतंत पाळली होती. चुकीची होती ती यादी. साच्याचंही तसंच. एका वर्षी साचा तयार करताना एका शिक्षकांचं ई-मेल खातं ब्राउझरमध्ये उघडंच राहिलं आणि ते चाळीस मशीनवर उघडं झालं. साच्याला चीर असेल तर ती प्रत्येक मूर्तीवर उमटणारच.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा नेहमीचा पाठिंबा संपला. त्यामुळे अनेक लॅबना नवा साचा घडवण्याचं काम आलं आहे. जुन्या-नव्या मशीनना सुरुवातीची फाइलही वेगवेगळी द्यावी लागते, हे त्यात विसरू नका. माझा अनुभव म्हणून चार गोष्टी सांगतो. साचा आधी एका मशीनवर ओता आणि दोन दिवस वापरून बघा. मग पाच, मग चाळीस. जुना साचा लगेच पुसू नका, त्याची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर दुसऱ्या खोलीत ठेवा. ओतल्यावर प्रत्येक मशीनला स्वतःचं नाव मिळालं ना, ते बघा. आणि मशीन लॅबबाहेर गेलं की त्याच दिवशी सर्व्हरच्या यादीतून त्याची नोंद काढा.

माझ्या टेबलावर आता एक साधी रेघांची वही असते. हुकूम देण्याआधी मी लॅबमध्ये फेरी मारून मशीन मोजतो, वहीत लिहितो आणि सर्व्हरवरच्या आकड्याशी ताडून पाहतो. दोन्ही जुळले तरच पुढे जातो. आणि त्या दिवशी ऑफिसमधून मॅडमचा फोन हमखास येतो. “सर, आज ओतणार ना? थांबा, मी आधी माझ्या याद्या पेन ड्राइव्हवर घेते.” त्यांचं मशीन आता यादीत नाही, हे त्यांना माहीत आहे. तरीही त्या प्रत घेतात. आणि त्यांचा ‘झालं’ म्हणून परत फोन येईपर्यंत मीही थांबतो.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)