आधी कायदा, मग बँक



आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर, बँकेत कारकुनी करणारी माणसे. वकिलीवर बोलण्याचा आमचा अधिकार नाही. पण बडोद्यातल्या आपल्या घरांतून मुले-मुली आज कायदा शिकतात, पैशाचे व्यवहार चालवणाऱ्या कंपन्यांत कायदा-सल्लागार म्हणून लागतात आणि घरची वडील मंडळी विचारतात, "कोर्टात उभे राहायचे नाही, तर वकील कशाला?" काउंटरमागून आम्हाला जे दिसते, त्यावरून उत्तर देतो.

मोबाइलवरून भाजीवाल्याला वीस रुपये जातात, तेव्हा मध्ये दोन्हीकडच्या बँका, अ‍ॅपची कंपनी आणि नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन एवढे जण असतात. हा व्यवहार २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याखाली चालतो. रिझर्व्ह बँकेच्या परवानगीशिवाय अशी व्यवस्था कोणाला चालवता येत नाही. दुकानदारांसाठी पैसे गोळा करणाऱ्या कंपनीने ते स्वतःच्या पैशात मिसळायचे नाहीत, बँकेतल्या वेगळ्या एस्क्रो खात्यात ठेवायचे. व्यवहारांची माहिती भारतातच साठवायची, हा आदेश एप्रिल २०१८ चा. तो पाळला नाही म्हणून मास्टरकार्डला जुलै २०२१ पासून जवळजवळ अकरा महिने भारतात नवे ग्राहक घेता आले नाहीत.

ही परिपत्रके वाचायची, नवी योजना बाजारात जाण्याआधी तपासायची, करार पाहायचे, रिझर्व्ह बँकेला उत्तरे द्यायची, हे या सल्लागाराचे काम. पण खरे काम एकच. विक्री खात्याला घाई असते, वरिष्ठांना आकडे हवे असतात, अशा वेळी "हे चालणार नाही" असे सांगायचे. कोर्टातला वकील भांडण झाल्यावर लागतो. हा भांडण होऊ नये म्हणून लागतो.

आणि हे सांगणे सोपे नाही. पगार त्याच कंपनीचा. बार कौन्सिलच्या नियमाप्रमाणे पूर्णवेळ पगारी नोकरी धरली की वकिली थांबवावी लागते. अशिलाशी झालेले बोलणे गुप्त ठेवण्याचे जे संरक्षण कोर्टातल्या वकिलाला आहे, ते नोकरीतल्या सल्लागाराला तसेच्या तसे मिळणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी स्पष्ट केले. म्हणजे धड वकील नाही, धड कारकूनही नाही. पण त्याने मान डोलावली, तर भुर्दंड तुम्हाआम्हाला.

आपल्या गावाला हे नवे नाही. सयाजीराव महाराजांनी २० जुलै १९०८ रोजी बँक ऑफ बडोदा स्थापन केली, ती बडोदे संस्थानच्या १८९७ च्या कंपनी कायद्याखाली. आधी कायदा, मग बँक. त्याच बँकेच्या 'बॉब वर्ल्ड' अ‍ॅपवर नवे ग्राहक घेण्यास रिझर्व्ह बँकेने १० ऑक्टोबर २०२३ रोजी मनाई केली. आक्षेप होता ग्राहक जोडण्याच्या पद्धतीवर. ८ मे २०२४ रोजी मनाई उठली. एवढ्या जुन्या बँकेवर ही वेळ येते, तर कालच्या अ‍ॅपवाल्यांचे काय सांगावे!

दुसरी गोष्ट भाषेची. महाराजांच्या काळात, १९३१ साली, राज्यकारभारातले शब्द अनेक भाषांत शेजारीशेजारी देणारा 'शासन शब्दकल्पतरू' बडोद्यात निघाला. कायदा रयतेला कळावा, ही दृष्टी त्यामागे होती. आज आपले पेन्शनर इंग्रजीतल्या लांबलचक अटींखाली न वाचता 'मान्य' दाबतात. पैसे गेल्यावर आमच्या काउंटरवर येतात, तेव्हा आम्हाला ते कलम दाखवण्यापलीकडे फारसे काही करता येत नाही.

म्हणून मंडळापुढे दोन सूचना ठेवतो. मते मागायला उमेदवार दारी येतील, तेव्हा रस्ते-गटारांबरोबर हेही विचारावे : अटी गुजराती-मराठीत का नाहीत, आणि कंपनीत राहून खरे बोलणाऱ्या सल्लागाराला संरक्षण काय? दुसरे, महाराज सयाजीराव विद्यापीठात कायदा शिकणाऱ्या आपल्या मुलांना "कोर्ट नाही, तर वकील कसला" असे हिणवू नये. आपल्या पूर्वजांनी संस्थानच्या कचेऱ्यांत नियम सांभाळले. हे काम त्याच जातीचे आहे.