उपवासाला चक्कर येते तेव्हा

 

आज आम्ही एका दुर्मिळ आजाराविषयी बोलणार आहोत. त्यात आमची स्वतःची एक चूकही सांगायची आहे.

आमच्या गटातली एक ताई. चतुर्थी असो, एकादशी असो, तिचा उपवास कधी चुकायचा नाही. पण उपवासाच्या दिवशी कांदा खुरपताना तिला दरदरून घाम फुटायचा, हात थरथरायचे, मग ती काहीबाही बडबडायची. पोटच्या पोराला ओळखायची नाही. कुणी म्हणालं फिट येते, कुणी म्हणालं बाहेरचं आहे. देवऋषाकडे न्यायला पैसे लागले, ते आम्हीच गटातून अंतर्गत कर्ज म्हणून दिले. दोन वर्षं अशी गेली.

तिच्या सासूबाईंच्या मात्र एक गोष्ट ध्यानात आली होती. गोड चहा पाजला, गूळ चाखवला, की सून थोड्या वेळात भानावर यायची. त्या म्हणायच्या, "गुळानं उतरतं ते कसलं भूत?" एकदा तसंच झालं तेव्हा उपकेंद्रातल्या सिस्टरनी लगेच बोटातून रक्त घेतलं. साखर निघाली फक्त 41. ताईला मधुमेह नाही, कसली गोळी चालू नाही. मग साखर एवढी उतरली कशी?

जठराच्या मागे स्वादुपिंड असतं. त्यातल्या काही पेशी इन्शुलिन तयार करतात आणि रक्तातली साखर ताब्यात ठेवतात. क्वचित याच पेशींची गाठ होते. पोट रिकामं असलं तरी ती गाठ इन्शुलिन सोडतच राहते. तिला इन्शुलिनोमा म्हणतात. दहा लाख माणसांत वर्षाला एक ते चार जणांनाच ती होते, म्हणून पटकन कुणाच्या मनात येत नाही.

डॉक्टर तीन गोष्टी पाहतात. उपाशीपोटी त्रास होतो का, त्याच वेळी साखर 55 च्या खाली आहे का, आणि साखर दिल्यावर बरं वाटतं का. मग रुग्णालयात देखरेखीखाली 72 तासांपर्यंत उपाशी ठेवून रक्तातलं इन्शुलिन आणि सी-पेप्टाइड तपासतात. हा उपवास घरी करून बघायचा नाही, बायांनो. पुढे सीटी स्कॅन किंवा दुर्बिणीतून सोनोग्राफी करून गाठ शोधतात. दहातल्या साधारण नऊ गाठी कॅन्सरच्या नसतात. गाठ काढली की माणूस बरा होतो. आमच्या ताईची गाठ बोराएवढी होती. मुंबईला ऑपरेशन झालं. आता ती पुन्हा गटाच्या बैठकीत सह्या घेत फिरते.

अशा गाठींना न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर म्हणतात. अभिनेते इरफान खान यांनी मार्च 2018 मध्ये आपल्याला असा ट्यूमर असल्याचं सांगितलं, तेव्हा अनेकांनी हे नाव प्रथम ऐकलं. 29 एप्रिल 2020 ला ते गेले. स्वादुपिंडातल्या सगळ्याच गाठी साखर उतरवत नाहीत. काही गुपचूप वाढतात, मग पोटदुखी, कावीळ, वजन घटणं दिसतं. पसरलेल्या आजारावर महिन्याचं इंजेक्शन असतं, तसंच ल्युटेशियम नावाचं किरणोत्सारी औषधही असतं. हे ल्युटेशियम मुंबईजवळ तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या अणुभट्टीतही तयार होतं.

आता नीट ऐका. प्रत्येक चक्कर म्हणजे गाठ नव्हे. आपल्यात रक्त कमी असणं, मधुमेहाची गोळी घेऊन उपाशी राहणं, हीच कारणं जास्त. पण उपाशीपोटी पुन्हा पुन्हा असं होत असेल, तर तीन कामं करा. त्याच वेळी साखर तपासून घ्या. किती वाजता झालं, शेवटचं कधी खाल्लं, ते वहीत लिहा. शुद्धीत असेल तर साखरपाणी द्या; बेशुद्ध असेल तर तोंडात काहीच घालू नका, 108 ला फोन करा. खर्चाची काळजी वाटली तर रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला गाठा आणि महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं ते विचारा.

आम्ही आता गटात ठराव केला आहे. आजारपणाचं कर्ज मागितलं, की आधी विचारायचं: डॉक्टरांना दाखवलं का? आणि उपवास झेपत नसेल तर सोडा, देव रागवत नाही.

पुन्हा भेटू. रामराम.