निवडणुकीआधींची निवडणूक

आडांत नाहीं तर पोहऱ्यांत कोठून येणार, अशी आपल्याकडे एक म्हण आहे. लोकशाहीच्या व्यवहारास ती तंतोतंत लागू पडते. मतपत्रिकेवरील दोन-चार नांवांत लायक मनुष्य मुळींच नसेल, तर मतदार कितीहि सुज्ञ असला तरी तो निवडून देणार कोणास? मग तीं नांवें ठरवावयाचीं कोणीं? आपल्या देशांत हें काम पक्षाचे पुढारी करितात. तिकीट कोणास मिळालें हें मतदार वर्तमानपत्रांत वाचतो. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मात्र बहुतेक राज्यांतून तें काम मतदारांकडेच सोंपविलेलें आहे. मुख्य निवडणुकीपूर्वीं तेथें एक प्राथमिक निवडणूक होते, आणि पक्षाचा उमेदवार कोण हें तींत सामान्य मतदार ठरवितात.

पूर्वीं तेथेंहि पक्षाच्या अधिवेशनांत कांहीं मातब्बर मंडळी उमेदवार ठरवीत असत. विस्कॉन्सिन राज्याचे गव्हर्नर रॉबर्ट ला फोलेट ह्यांनीं ह्या मिरासदारीविरुद्ध अनेक वर्षें झुंज दिली. १९०४ सालीं तेथील मतदारांनीं प्राथमिक निवडणुकीच्या कायद्यास कौल दिला व १९०६ सालीं त्याप्रमाणें पहिली निवडणूक झाली.

ह्या अधिकाराचें मोल तो ज्यांना नाकारला गेला त्यांच्या कहाणीवरून कळतें. टेक्सस राज्यांत त्या काळीं डेमोक्रॅटिक पक्षाचें एवढें प्राबल्य होतें, कीं त्याच्या प्राथमिक निवडणुकींत जो जिंकेल तो पुढें निवडून आलाच असें समजावें. नेमकें ह्याच निवडणुकीचें दार कृष्णवर्णीयांना बंद होतें. मुख्य निवडणुकींत मत देण्यास कागदोपत्रीं मोकळीक होती. पण तोंपर्यंत ठरावयाचें कांहीं उरलेलेंच नसे! ह्यूस्टन शहरांतील दंतवैद्य लॉनी स्मिथ ह्यांना १९४० सालीं अशीच मतपत्रिका नाकारण्यांत आली. ते न्यायालयांत गेले. थर्गुड मार्शल ह्यांनीं त्यांची बाजू मांडली, आणि ३ एप्रिल १९४४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें आठ विरुद्ध एक अशा बहुमतानें ही मनाई घटनाबाह्य ठरविली.

असा अधिकार हातीं आल्यावर तो वापरावा कसा? पहिला प्रश्न येतो तो पक्ष निवडण्याचा. कांहीं राज्यांत त्या त्या पक्षाकडे नांव नोंदविलेल्यासच मत देतां येतें. विस्कॉन्सिनमध्यें तशी नोंदणी लागत नाहीं. पण सर्व मतें एकाच पक्षाच्या उमेदवारांना द्यावीं लागतात. गव्हर्नरपदासाठीं एका पक्षाचा मनुष्य आवडला आणि दुसऱ्या पदासाठीं दुसऱ्या पक्षाचा, तर एकावर पाणी सोडणें भाग पडतें. अशा वेळीं, चुरस खरी कोठें आहे आणि कोणत्या पदाच्या कारभाराचा आपल्या संसारावर अधिक परिणाम होतो, हें पाहून निर्णय करावा. कांहीं चतुर लोक दुबळा प्रतिस्पर्धी उभा राहावा म्हणून विरोधी पक्षांत जाऊन मत देतात. परंतु तो दुबळा समजलेला गृहस्थच पुढें जिंकला, तर त्या चातुर्याचें फळ सर्व राज्यास भोगावें लागतें.

दुसरा प्रश्न अधिक कठीण आहे. मत मनाला पटलेल्यास द्यावें, कीं निवडून येऊं शकेल त्यास? कॅलिफोर्नियांत २०१० सालीं मतदारांनीं नियम बदलला. तेव्हांपासून सर्व पक्षांचे उमेदवार एकाच मतपत्रिकेवर येतात आणि पहिले दोघे, मग ते एकाच पक्षाचे कां असेनात, पुढें जातात. जून २०१२ मध्यें प्रतिनिधिगृहाच्या एकतिसाव्या मतदारसंघांत डेमोक्रॅटिक पक्षाचे मतदार संख्येनें रिपब्लिकनांहून अधिक होते. पण त्या पक्षाचे चार उमेदवार उभे राहिले. मतें चौघांत वांटलीं गेलीं आणि पुढें गेले ते दोघेहि रिपब्लिकन! नोव्हेंबरांत सर्वांत मोठ्या गटास मतपत्रिकेवर आपला उमेदवार शोधूनहि सांपडला नाहीं. हिशेब न पाहणाऱ्यांना असा तोटा होतो.

तरी निव्वळ हिशेबहि फसवा असतो. मार्च १९६८ मध्यें न्यू हॅम्पशायर राज्यांत व्हिएतनाम युद्धाचे विरोधक सेनेटर यूजीन मॅकार्थी अध्यक्ष जॉन्सन ह्यांच्यापुढें हरले. पण त्यांना शेंकडा ४२ मतें पडलीं. त्याच महिन्याच्या ३१ तारखेस जॉन्सन ह्यांनीं आपण पुन्हां उमेदवारी करणार नसल्याचें जाहीर केलें. हरणाऱ्यास दिलेलीं तीं मतें फुकट गेलीं असें कोण म्हणेल?

तेव्हां आधीं उमेदवाराच्या पूर्वींच्या कामाची चौकशी, मग मनाचा कौल आणि शेवटीं हिशेब, हा क्रम मतदारानें पाळावा. क्रम उलटा झाला तर मत हें सट्ट्याचें साधन होतें. हिशेब अजिबात गाळला तर तें नुसतें समाधान उरतें. मात्र तिसरा मार्ग, म्हणजे घरीं बसणें, हा सर्वांत वाईट. प्राथमिक निवडणुकीस मतदार मुख्य निवडणुकीपेक्षां फार कमी येतात, आणि अनेकांचा निर्णय थोडके लोक करून टाकतात. नोव्हेंबरांत "दोघांतला एकहि धड नाहीं" अशी कुरकुर ऐकूं येते, ती पुष्कळदां ह्या गैरहजर राहिलेल्यांचीच असते. ज्या कागदासाठीं दंतवैद्य स्मिथ चार वर्षें झगडले, तो त्यांना मागतांक्षणीं मिळाला असता.