माझे उंच टाचांचे बूट
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आणि विषय माझ्यावर सोडला. पण विषय तुम्हीच निवडलाय. सकाळच्या चहापासून बघतोय, ‘काय रे, कसा आहेस’ म्हणता म्हणता प्रत्येकाची नजर खाली जाते. तेव्हा सांगूनच टाकतो. होय, हे लेडीज बूट आहेत. टाच अडीच इंच, जाड ठोकळ्याची. मी पैज हरलेलो नाही, आणि डॉक्टरांनीही सांगितलेले नाहीत. गेली चार वर्षं मी असे बूट घालून पंचवटीत फिरतो. बाकी सगळं तेच आहे. अंबडच्या एमआयडीसीत मशीन मेंटेनन्स, एक बायको, एक मुलगी आणि ही मिशी.

का घालतोस? आवडतात म्हणून. याहून खोल उत्तर मी बरंच शोधलं, सापडलं नाही. कधीपासून, ते मात्र सांगता येतं. आठवीच्या गॅदरिंगला आपल्या वर्गाचं विनोदी नाटुकलं होतं. मुंबईहून आलेल्या आत्याबाईंचं काम करायला मुलींनी आयत्या वेळी नकार दिला आणि ते माझ्या गळ्यात पडलं. मराठीच्या बाईंनी स्वतःचे टाचेचे सँडल दिले. मी स्टेजवर टाचा वाजवत आलो आणि सगळं पटांगण हसलं, टाळ्या पडल्या, बक्षीसही मिळालं. नंतर दहावीपर्यंत मला ‘आत्या’ हेच नाव पडलं. हाक मारणारे बरेचसे इथे बसलेत. त्यातल्या एकानं आज सकाळी मिठी मारून तीच हाक मारली. तो हिशेब केव्हाच मिटलाय, काळजी नको.

पण एक गोष्ट तेव्हापासून डोक्यात राहिली. बूट तेच, पाय तेच. स्टेजवर असेपर्यंत टाळ्या, आणि पायऱ्या उतरलं की चिडवणं. म्हणजे लोकांना खटकतो तो बूट नाही. नाटकाचं निमित्त असलं की सगळं चालतं.

हे आपल्या नाशिकला तर चांगलंच ठाऊक असायला हवं. दादासाहेब फाळके आपल्या त्र्यंबकेश्वरचे. त्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’मधली, म्हणजे १९१३ मधली तारामती कोण? अण्णा साळुंके. ग्रँट रोडच्या एका हॉटेलात ते स्वयंपाकी होते. दहा रुपये पगार होता, फाळक्यांनी पंधरा देऊ केले असं सांगतात. बायका सिनेमात यायला तयार नव्हत्या. त्याच वर्षी फाळके नाशिकला आले आणि ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई पडद्यावर आल्या. तरीही १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये सीता झाले ते साळुंकेच. आणि रामही तेच! सीतागुंफेपासून दोन पावलांवर आपण वाढलो, आणि पडद्यावरची ती सीता एक पुरुष होता हे आपल्याला शाळेत कुणी सांगितलं नाही. राम पडद्यावर आला की प्रेक्षक पायातल्या वहाणा काढत, अशी आठवण सांगितली जाते. सीतेच्या वेळी कुणी ‘ए आत्या’ म्हणून ओरडल्याचं मी कुठे वाचलेलं नाही.

परेश मोकाशींचा ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ हा २००९ चा सिनेमा तुम्ही पाहिला असेल. त्यात स्त्रीभूमिका करणाऱ्या पुरुषांना फाळके घरीच साड्या नेसवून घरकामाला लावतात. लोक हसतात त्या प्रसंगाला, मीही हसलो होतो. पण वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मला त्याचा उपयोग झाला. साडीत चालायला शिकायचं तर साडी नेसून तांदूळ निवडायचे. आरशापुढे उभं राहून काही होत नाही. मी तेच केलं. बूट घालून ओट्याशी उभा राहून मटार सोलले, गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घातलं, सिलिंडर बदलला. पहिले आठ दिवस लक्ष सगळं पायाकडे. मग एक दिवस फोनवर बोलत बोलत जिना उतरलो आणि खाली आल्यावर लक्षात आलं की पायात बूट आहेत.

मेंटेनन्सचा माणूस असल्यामुळे थोडं यंत्राबद्दल बोलतोच. टाच उंच झाली की शरीराचं वजन चवड्यावर सरकतं. पोटरी आखडते, गुडघा जरा वाकायला बघतो आणि ते सावरायला कंबर आत जाते. म्हणून पाऊल लहान टाकायचं, टाच आधी टेकवायची आणि नजर समोर ठेवायची. खाली बघितलं की तोल गेलाच. बारीक टाच आपल्या रस्त्यांसाठी नाही, फरशीच्या फटीत अडकते. जाड ठोकळ्याची टाच घ्यावी. रोज दिवसभर घालू नये, रात्री पोटऱ्या ताणाव्यात. आणि मापाचा मोठा त्रास. लेडीज बूट बहुतेक दुकानांत एक्केचाळीसला संपतात, माझा पाय बेचाळीस. हे बूट मुलीनं पुण्याहून ऑनलाइन मागवले. तिसऱ्यांदा माप बरोबर आलं.

बायकी म्हणाल, तर त्याचाही जरा इतिहास आहे. टाचेचा बूट आधी पुरुषाच्या पायात होता. इराणचे घोडेस्वार रिकिबीत पाय पक्का बसावा म्हणून टाच लावत. तिथून ती फॅशन सतराव्या शतकात युरोपात गेली. फ्रान्सचा चौदावा लुई लाल टाचांचे बूट घाली. त्याचं १७०१ चं प्रसिद्ध चित्र आहे, त्यात राजा पाय पुढे करून उभा आहे, बूट दाखवायलाच. आपल्याकडे तर लांब जायला नको. २०१५ च्या सिंहस्थात तपोवनात साधू खडावांवर झपाझप चालताना आपण पाहिलेत. दोन लाकडी खुंट्यांवर उचललेलं पाऊल आणि अंगठ्यात धरलेली एक खुंटी! अडीच इंचांचं कौतुक त्यांना कोण सांगणार? आणि आपले थोरले भाऊ सत्तरच्या दशकात बेलबॉटमखाली हायहिल घालून मेन रोडला फिरत होते की नाही? त्यांचे फोटो काढा जुन्या अल्बममधून. त्यांना कुणी नाव ठेवलं नाही, कारण तेव्हा सगळेच घालत होते. जर्मनीत मार्क ब्रायन नावाचे एक अमेरिकन रोबोटिक्स इंजिनिअर हील आणि स्कर्ट घालून कामावर जात असत. बायको-मुलं असलेला माणूस. त्यांचे फोटो पाहून मला धीर आला हे खरं, पण जर्मनीतला फुटपाथ आणि मालेगाव स्टँडचा उतार यात फरक आहे.

घराबाहेर पहिल्यांदा गेलो तो पहाटे, साडेपाचला, दूध आणायला. कुत्र्यांशिवाय कुणी नव्हतं. महिनाभर पहाटेच. मग एकदा संध्याकाळी निमाणीपर्यंत गेलो. मोटारसायकलवरची तीन पोरं ‘ओ मॅडम’ करून गेली. छातीत धडधडलं, पण पाय चालत होते, कारण त्यांना आता सवय झाली होती. धीर आधी येतो आणि मग माणूस चालतो, असं मी समजत होतो. माझ्या बाबतीत उलटं झालं. पाय आधी तयार झाले, मन मागून लंगडत आलं.

टोमण्यांपेक्षा जास्त अवघड होती ती शांतता. ओळखीचा माणूस समोरून येतो, बघतो आणि न बघितल्यासारखं करतो. ती शांतता आमच्या कोपऱ्यावरच्या पानवाल्यानं फोडली. त्यानं सरळ विचारलं, ‘साहेब, पाय नाही दुखत?’ मी म्हटलं, दुखतात, तासाभरानं. तो म्हणाला, ‘मग बसा ना.’ आणि स्टूल पुढे केलं. बुधवारच्या बाजारात गोदाघाटावर भाजीवाल्या मावशी म्हणाल्या, ‘दादा, या चिखलात असले नवे सँडल कशाला आणले?’ मला ते फार बरं वाटलं. त्यांना काळजी सँडलची होती. आईचंही तसंच. ती ब्याऐंशी वर्षांची आहे. तिनं बूट हातात घेऊन उलटसुलट पाहिले आणि म्हणाली, ‘पाय मोडून घेशील.’ एवढंच.

सौ.चं मात्र एवढ्यावर भागलं नाही, आणि ती इथे समोर बसली आहे म्हणून मी जपून बोलतोय. पहिले सहा महिने ती माझ्याबरोबर बाहेर येत नसे. आली तरी दहा पावलं मागे. तिचं म्हणणं खोटं नव्हतं. ती म्हणाली, ‘तुम्ही चालून पुढे जाता, लोक विचारतात मला.’ भिशीत तिला विचारलं जाई, ‘भाऊजींचं काय हो हे?’ उत्तर तिनं काय द्यायचं? माझी हौस, आणि जाब तिला. यावर माझ्याकडे आजही नीट उत्तर नाही. आम्ही आपसात ठरवून टाकलं की तिच्या माहेरच्या कार्यात मी चपला घालणार, बाकी ठिकाणी माझं मी बघणार. काहींना ही माघार वाटेल. मला नाही वाटत. संसारात दोघांचे पाय असतात.

गेल्या वर्षी भिशीतल्या त्याच बाईंना तिनं सांगितलं, ‘त्यांना आवडतात.’ दोन शब्दांत. मला हे तिनं सांगितलं नाही, दुसरीकडून कळलं.

आता मुलगी सव्वीस वर्षांची आहे, स्थळं बघणं सुरू आहे. पुढच्या महिन्यात पाहुणे यायचेत. मुलगी म्हणते, ‘बाबा, तुम्ही हेच बूट घाला. ज्यांना चालत नाही ते आधीच कळू दे.’ सौ. म्हणते, पहिल्या भेटीत चपला घाला, काही बिघडत नाही. दोघींचं बरोबर आहे असं मला वाटतं आणि त्यामुळे काहीच ठरत नाही. दोन्ही जोड दाराशी पुसून ठेवलेत. इथे गुरुजन बसले आहेत, कुणाला काही सुचलं तर जेवताना सांगा.